एक्स्टेंशन एकशे दोन

रुपालीने खुर्ची ओढून थेट विनीतच्या लॅपटॉपसमोर घेतली, चष्मा ओढणीला पुसला आणि म्हणाली, "लावा."

विनीत हा फोन कंपनीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, आणि आवाज असा की जणू समोरचा माणूस आजारीच आहे.

"मॅडम, रेकॉर्डिंग ऐकवायची तशी पॉलिसी नाहीये आमची. हितेंद्रसरांनी खास रिक्वेस्ट केली म्हणून."

"सोळा दिवस मागतेय मी. लावा."

केबिनच्या टेबलापलीकडे हितेंद्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. श्री गांगो ट्रॅव्हल्स त्याच्या वडिलांनी, दगडूमामांनी, लालबागच्या या गाळ्यात एका गाडीवर सुरू केली. आता तीन गाड्या होत्या. रोज संध्याकाळी सातला एक गाडी सुटायची आणि सकाळी कणकवलीच्या पुढे वाडीवाडीवर माणसं उतरवत जायची. मामा गेले, गादीवर हितेंद्र बसला, आणि सहा महिन्यांत त्याला साक्षात्कार झाला की फोन उचलायला पगारी माणूस ठेवणं हा अडाणीपणा आहे. फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही त्याने बाहेर देऊन टाकले. आता गांगो ट्रॅव्हल्सचा नंबर फिरवला की नागपुरात कोणीतरी उचलायचं. लालबागच्या टेबलावर बटणांचा एक काळा फोन आला. त्याचं नाव एक्स्टेंशन एकशे दोन. नागपूरला जे जमणार नाही तेवढंच तिथे जोडून द्यायचं, असं ठरलं.

रुपालीने बावीस वर्षं त्या टेबलावर फोन उचलला होता. नुसती तिकिटं लिहिली असती तर तिलाही एवढं लागलं नसतं. पण गाडीच्या पाठीवर रंगवलेला तो नंबर अख्ख्या पट्ट्याला पाठ होता, तो तिकिटासाठी नव्हे. गावात कोणी गेलं की मुंबईतल्या त्याच्या माणसाला सरळ फोन करायचा नाही, ही तिकडची रीत. एकटा असेल, रस्त्यात असेल, ऐकून कोसळेल. मग फोन गांगोच्या ऑफिसात. बोलणाराही गेला म्हणत नसे. "जरा सिरीयस आहे, पाठवून द्या," एवढंच. बाकीचं रुपालीने समजायचं. कधी घोडपदेवच्या चाळीत, कधी परळच्या खोलीत ती स्वतः जायची. दारातून पहिला प्रश्न एकच असायचा, "जेवलात का?" नसतील तर आधी दोन घास पोटात जाऊ द्यायचे, कारण नंतर चूल पेटायची नाही. मग सांगायचं, पिशवी भरायला मदत करायची आणि माणूस गाडीत बसवायचा. सातची गाडी अशा माणसासाठी साडेसातपर्यंत थांबली आहे, आणि एकाही पॅसेंजरने कधी तोंड वर करून विचारलं नाही. हे सगळं करार करताना कोणत्या रकान्यात लिहिलं असेल, ते हितेंद्रच जाणे.

विनीतने बटण दाबलं. आधी गाणं वाजलं, मग एका मुलीचा आवाज आला.

"श्री गांगो ट्रॅव्हल्समध्ये आपलं स्वागत आहे. मी आरोही. आपली काय मदत करू?"

"रुपालीताई आसत?"

हा राजस. ऑफिसातल्या नानांचा पुतण्या. त्याच्यामागे बायकांचा आवाज होता, पण दूर, जणू तो अंगणाच्या टोकाला येऊन बोलत होता. रुपालीने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"सर, आपलं बुकिंग आहे का?"

"बुकिंग नाही. रुपालीताईंशी बोलायचं आहे. तुमच्या ऑफिसात पार्सल बघतात ना नाना, त्यांचा मी पुतण्या."

"एक मिनिट थांबा सर, मी जोडून देते."

रुपालीने झटकन विनीतकडे पाहिलं. फोनची घंटा वाजत होती. वाजून वाजून थांबली, पुन्हा गाणं लागलं, पुन्हा घंटा. तिसऱ्यांदा वाजू लागली तेव्हा विनीतने आवाज कमी करायला हात पुढे केला.

"राहू द्या," रुपाली म्हणाली.

"सर, तिथे कोणी उचलत नाहीये. मी निरोप देऊ का?"

"आजी आमची…" राजस थांबला. "सिरीयस आहे. नानाकाकांना सरळ नका सांगू हां. रुपालीताईंना सांगा, त्या बघतील. सातची गाडी आहे."

"नक्की सांगते सर. काळजी घ्या आजींची."

मागे बायकांचा आवाज तेवढा येत राहिला. मग राजस म्हणाला, "हो."

तेवढंच होतं. चार वाजून सात मिनिटांचा फोन. नानांची आई, आनंदीबाई, साडेतीनलाच गेली होती. राजसच्या मोबाइलवर लगेच मेसेज गेला की आपली विनंती नोंदवली आहे. त्याला वाटलं, निरोप पोचला. घरात सगळ्यांना वाटलं. त्यांनी म्हातारीला रात्रभर ठेवलं, थोरल्या मुलासाठी. आणि नाना त्याच संध्याकाळी लालबागला, मोबाइल खिशात ठेवून, सातच्या गाडीच्या डिकीत पोती रचत होते. गाडीला चार सीट रिकाम्या होत्या. नानांनी मागच्या पत्र्यावर थाप मारली आणि ड्रायव्हरला सांगितलं, चल. सकाळी गाडी वाडीवर थांबली, त्यातून नाना उतरले नाहीत. मग धाकट्या भावाने थेट फोन लावला, "दादा, खंयपर्यंत इलंस?" नाना टपरीवर चहा पीत उभे होते. अग्नी धाकट्याने दिला.

त्या दिवसापासून रुपालीच्या अंगात जो राग शिरला होता, त्याला तिने एक तोंड दिलं होतं. ती पोरगी. नाव माहीत नव्हतं तेव्हापासून रुपालीने तिला रोज फाडून खाल्लं होतं. भाजी चिरताना, बसच्या रांगेत, रात्री उशीवर डोकं टेकून. एक वाक्य तिने घोटून घोटून तयार ठेवलं होतं: ती म्हातारी अठरा तास दारात पडून होती, आणि तुला एक फोन जोडता आला नाही.

"जोडला होता की," विनीत म्हणाला. त्याने स्क्रीनवर एक यादी उघडली. "हे बघा. कॉलवर तीनदा. नंतर पण ती ट्राय करत होती. चार वीस, चार पस्तीस, पाच… हे सहा चाळीसपर्यंत. टोटल अकरा. एक्स्टेंशन एकशे दोन, नो रिस्पॉन्स."

"मग माझा मोबाइल नव्हता?"

"स्टाफचे पर्सनल नंबर सिस्टिममध्ये ठेवत नाही आम्ही. प्रायव्हसी असते." मग त्याने घसा साफ केला. "आणि मॅडम, आमच्याकडून फॉल्ट नाहीये. तुमचा फोनच ऑफलाइन होता. मंगळवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांपासून. आत्ताही ऑफलाइनच दाखवतोय."

हितेंद्रने मोबाइल खाली ठेवला.

उपटलेल्या वायरीची आठवण रुपालीला सोळा दिवसांत झालीच नव्हती असं नाही. बुधवारी रात्रीच झाली होती. पण नागपूरवाल्यांनी जोडायचा प्रयत्नच केला नसणार, या एका खुंटीवर तिने सगळा राग टांगून ठेवला होता. रेकॉर्डिंग हवं होतं ते त्यासाठीच. आता खुंटीच निखळली.

त्या मंगळवारी सकाळपासून काळा फोन पाच वेळा वाजला होता. मॅडम, तळेऱ्याच्या आधी कोणता स्टॉप. मॅडम, पॅसेंजर म्हणतात वडाखाली उतरवा, तो वड कुठे. तिचं काम काढून घेतलं होतं आणि डोकं मात्र फुकटात वापरायला ठेवलं होतं. सहाव्या वेळी ती उसळली. फोनची वायर वर माळ्याच्या कडेला एका डबीत जात होती. रुपालीची उंची पाच फूटसुद्धा नाही, म्हणून तिने नानांना हाक मारली. "नाना, उपटून टाका हो त्याची नरडी. बघू दे माझ्याशिवाय किती चालतं यांचं." नाना म्हणजे ताडमाड माणूस. हसत हसत स्टुलावर चढले, वायर खेचली आणि शेपटीला धरलेल्या उंदरासारखी तिला दाखवली. दोघं पोटभर हसले होते.

"विनीत, तू जरा बाहेर चहा घेऊन ये," हितेंद्र म्हणाला. दार लागल्यावर त्याने खुर्ची पुढे घेतली. "ताई, मी काही विचारत नाही. काय झालं असेल ते असेल. लाइन फॉल्ट म्हणून मिटवून टाकू. नाना आजच गावाहून आलेत, त्यांना कशाला हे सगळं."

बोलता बोलता त्याने ड्रॉवर उघडला.

"फक्त तो फॉर्म आहे ना, सिस्टिम समाधानकारक चालते म्हणून. महिनाभर तुम्ही सही अडवलीय. ती देऊन टाका. मग सगळंच क्लोज होईल."

त्याने ड्रॉवरमधून कागद काढला. वर पेनही ठेवलं, टोपण काढून. हा मुलगा चौथीत होता तेव्हा मामांनी याच टेबलावर त्याचा अभ्यास घ्यायला रुपालीला बसवलं होतं. पाढे चुकला की तो असाच गोड चेहरा करून बघायचा.

"हितेंद्र, सोळा दिवस माझा फोन मेलेला होता."

"तेच म्हणतोय ना मी—"

"सोळा दिवस. तू रोज माझ्या समोरून जातोस. तुमच्या त्या यादीत रोज लाल खूण येत असणार. विनीत ती बघत असणार. एकालाही यावंसं वाटलं नाही? विचारावंसं वाटलं नाही, रुपाली फोन का उचलत नाही?"

हितेंद्र पेनाचं टोपण बोटात फिरवत राहिला.

"मी चुकले. ते माझं मी बघेन. पण माझी चूक तू तुझ्या कागदाला चिकटवू नकोस. सही मिळणार नाही. आणि नानांना कोणी काही सांगायचं असेल तर मी सांगेन."

ती उठली. दार तिने आपटलं नाही. आपटायला हात उचलला होता, पण बाहेर नाना होते.

गाळ्याच्या मागच्या बाजूला नाना पार्सलांवर जाड पेनाने नावं घालत बसले होते. शेगडी, मच्छरदाणी, कुणाच्या तरी नातवाची सायकल. डोक्यावरचे केस अजून खुरटे होते आणि त्यामुळे कान मोठे दिसत होते. सकाळपासून त्यांनी कुणाशी धड बोलणं केलं नव्हतं. फक्त रुपालीला एवढं म्हणाले होते की राजसचा आवाज असेल त्या रेकॉर्डिंगात, तो मलाही ऐकव.

रुपाली एका पोत्यावर टेकली.

"जेवलात का नाना?"

नानांचा हात थांबला. बावीस वर्षं त्यांनी हा प्रश्न तिच्या तोंडून ऐकला होता, दुसऱ्यांच्या दारात. कितीदा पिशवी धरून तेच तिच्याबरोबर गेले होते.

"जेवलंय," ते म्हणाले. "सांग."

"त्या पोरीने फोन जोडला होता. अकरा वेळा."

नानांनी पेनाला टोपण लावलं. "हंय वाजलो नाय."

"नाही वाजला. वायर काढलेली होती." तिने त्यांच्याकडे बघायचं ठरवलं होतं, पण ती सायकलीच्या घंटीकडे बघत बोलली. "मी काढली होती."

रस्त्यावरून मिरची कांडपाचा तिखट वास आला आणि गेला. नानांनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, चपलांपासून कपाळापर्यंत. तेवढ्याला फार वेळ लागायचं कारण नव्हतं, पण लागला.

"हात पोचता तुझो थंय?"

"पोचतो."

"बरां," नाना म्हणाले आणि पुढचं पार्सल ओढलं.

आत येऊन तिने स्टूल ओढलं. विनीतने कुणाला फोन दुरुस्तीला पाठवायच्या आत ती वायर लागायला हवी होती, बस्स. ती चढली, एक हात भिंतीला लावला, टाचा उचलल्या. डबी चार बोटं वर राहिली. तिने पुन्हा टाचा उचलल्या. गुडघ्यातून कळ गेली आणि डोळ्यात पाणी आलं. राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून तिने भिंतीवर मूठ मारली. स्टूल डगमगलं आणि तितक्यात स्थिर झालं. खाली नानांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

"उतर."

ती उतरली. नाना चढले. त्यांना टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. लोंबणारी वायर त्यांनी हातात घेतली आणि टोक डबीशी नेलं, पण लगेच खुपसलं नाही. तसेच उभे राहिले. खालून रुपालीला फक्त त्यांच्या मानेची शीर दिसत होती आणि मुंडनानंतरचे ते खुरटे पांढरे केस. मग टक् असा आवाज झाला. टेबलावरच्या काळ्या फोनने दोनदा पिकपिक केलं आणि त्याच्या काचेवर हिरवा उजेड आला.

नाना खाली आले. स्टुलावरचे आपल्या पायाचे ठसे फडक्याने पुसले. मग तिच्याकडे पाठ करूनच बोलले.

"धाकटो भाव विचारता. फोन लागाक नाय तर कित्याक लागाक नाय. तेरा दिवस सगळे ह्याच इचारी होते."

"सांगा, रुपालीने वायर काढली होती."

"गणपतीक येतंस तू दरवर्साक. तुझी वाडी आमच्या लागीच. तोंडार बोलतली माणसां. बायको तर माझी घरात घेवची नाय तुका."

"बोलू देत."

"जल्मभर बोलतली, गो."

"बोलू देत, नाना."

नानांनी फडकं झटकलं, त्याची चौपदरी घडी केली आणि ते खांद्यावर टाकलं. उजवा हात त्यांनी एकदा लेंग्याला पुसला. मग पुन्हा पुसला.

"सांगान मगे," ते म्हणाले आणि पार्सलांकडे गेले.

रुपाली खुर्चीत बसली. केबिनच्या काचेतून हितेंद्र तिच्याकडे बघत होता, कागद अजून त्याच्यापुढेच होता. मध्ये काच नसल्यासारखं तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने मान वळवली. गणपतीला कुठे जायचं, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो बाजूला सारला. अजून दोन महिने होते.

फोन वाजला. दुसरी घंटा व्हायच्या आत तिने उचलला.

"हॅलो, रुपाली बोलतेय."

"अय्या, लागला! मॅडम, मी आरोही, नागपूरहून." मुलगी घाईघाईने बोलत होती. "तुमचं एक्स्टेंशन चालू झालं की मला दिसेल असं मी लावून ठेवलं होतं. आत्ता हिरवं दिसलं म्हणून लगेच केला. मॅडम, पंधरा-सोळा दिवसांपूर्वी तुमच्या त्या नानांच्या पुतण्याचा फोन होता. तुम्हाला निरोप देईन म्हणाले होते मी, तो द्यायचा राहिलाच. सारखं मनात होतं. सरांना विचारलं तर म्हणाले, क्लोज झालंय. त्या आजी आता कशा आहेत?"

घोटून ठेवलेलं वाक्य रुपालीच्या जिभेवर आलं. अठरा तासांचं, दाराचं. एक शब्दही इकडचा तिकडे झालेला नव्हता. दारातून नाना दिसत होते. वाकून ते सायकलीला नावाची पाटी बांधत होते आणि गाठ काही केल्या बसत नव्हती.

"मॅडम? ऐकू येतंय ना?"

"येतंय," रुपाली म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजत आला होता. "आरोही ना तू? जेवलीस का?"

"नाही अजून. डबा घेऊन जातच होते, तेवढ्यात तुमचं हिरवं दिसलं."

"मग आधी जेवून घे," रुपाली म्हणाली. "पोटभर जेव. मग कर मला फोन. मी इथेच आहे."